खिडकीपाशची जागा

गुरुजी, मी समुद्रावर आहे. आता तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणाल, "गप वं! सेलूकडची पोट्टी अन् समुद्रावर?" पण खरंच आहे. जहाजावर राहून शिकायचं एक सत्र असतं. देशोदेशीची शंभरेक पोरंपोरी, सकाळी वर्ग, मधूनमधून एखादं बंदर. निबंध लिहून, मुलाखत देऊन मी त्यात आले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, मी तेवीसची झाले, आणि या घटकेला जेवणाच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी दुपारची एकटी बसले आहे. वहीत मराठीत लिहितेय, कारण ते वाचू शकेल असं या अख्ख्या जहाजावर कोणी नाही. आठ दिवसांत मराठीचा एक शब्द तोंडातून निघालेला नाही. परवा जिन्यात अंगठा ठेचकाळला तेव्हा "माय वं!" म्हणाले, तेवढाच काय तो.

आठवण निघाली ती ब्लॉगपायी. आमच्या मॅडमनी ठरवलं, वर्गाचा ब्लॉग सुरू करायचा, इंटरनेटवर पाळीपाळीनं एकेकानं प्रवासाचं लिहायचं, म्हणजे घरचे लोकही वाचतील. चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिली माझीच निघाली. ब्लॉग म्हणजे आपला वार्ताफलकच की हो! शाळेच्या फाटकाजवळचा तो काळा फळा, रोज एका पोरानं त्यावर बातमी लिहायची, आणि पाण्याला जाणाऱ्या बायासुद्धा डोक्यावरचे गुंड-घागरी खाली ठेवून ती कोणाकडून तरी वाचून घ्यायच्या. फलकाची पाळी आली की मी आदल्या दिवसापासून हवेत असायचे. अक्षर चांगलं होतं ना, त्याचा माज.

सातवीत सहल गिरडला गेली. त्याच सकाळी मायचा पाय मुरगळलेला, म्हणून तिच्या वाट्याचा कापूस वेचायला मी गेले. शाळेत काही कळवलं नाही, नुसती आलेच नाही. आणि दुसऱ्या दिवशी फलकाची पाळी माझी! सहल सोडून दुसरं काय लिहिणार, कप्पाळ? प्रार्थनेआधी मैत्रिणींना खोदून खोदून विचारलं आणि फलक भरून टाकला. आम्ही टेकडी चढलो, आम्ही दर्ग्यात डोकं टेकलं, आम्ही जायफळासारखे दगड वेचले, वरून शेतं कशी पदरासारखी पसरलेली दिसली. जाऊन आलेले पोट्टेही वाचून म्हणाले, "लय भारी लेहलं बे." मी फुगले. मग तुम्ही लुना लावली, हातात हेल्मेट तसंच, आणि उभ्याउभ्या सगळं वाचलंत.

"चांगलं लेहलं," तुम्ही म्हणालात. "पण तू तं आली नव्हती."

मी मान खाली घातली. "आता पुसतो गुरुजी," म्हणत फडकं उचललं तर तुम्ही हात धरलात. "पुसाचं नाई. खाली लेह, मी गेली नव्हती. अन् त्या दिवशी तुनं काय केलं तेही लेह." सगळ्या शाळेसमोर लिहिलं मी ते. त्या दिवशी मी कापूस वेचला, दुपारी बांधावर एकटीनं भाकर खाल्ली. खडू दोनदा मोडला. इतका राग आला होता तुमचा, की मनात तुम्हाला काय काय म्हटलं ते आजही लिहिता येणार नाही. तुम्ही वर्गात जाता जाता थांबलात आणि हळूच म्हणालात, "एसटीत खिडकीपाशची जागा तुह्यासाठी धरून ठेवली होती म्या. कोणाले बसू नाई देल्लं. गिरडवरी रिकामीच गेली ते. पुढच्या साली नेतो तुले." मग मी रडले. पुढच्या साली पावसाळ्यात तुम्ही गेलात. शाळा दोन दिवस बंद होती आणि फलकावर ते लिहायला कोणीच तयार होईना, म्हणून मी लिहिलं.

तर या जहाजाचं पहिलं बंदर परवा लागलं. त्या देशाचा व्हिसा माझ्या पासपोर्टवर वेळेत आला नाही. सगळे उतरले, फोटो काढत, ओरडत, आणि मी वर कठड्याला धरून उभी. रात्री जेवताना माझ्या खोलीतली मुलगी मासळीबाजाराचं सांगत होती, एका म्हातारीनं तिच्या हातावर अंजीर ठेवलं ते सांगत होती. मी ऐकत होते. सकाळी उठून ब्लॉगचा पहिला लेख लिहिला. आम्ही मासळीबाजारात गेलो, आम्ही अंजीर खाल्लं. इतक्या वर्षांनी तेच "आम्ही", गुरुजी, जरा लाज नाही वाटली. मॅडमनी खाली लिहिलं, तुझ्यासोबत फिरून आल्यासारखं वाटलं. आणि ती खोलीतली मुलगी हसत म्हणते कशी, "तू कुठल्या घोळक्यात होतीस? दिसलीच नाहीस!"

ती टोमणा मारत नव्हती हो. तिला खरंच माहीत नव्हतं. शंभर जणांत मी उतरलेच नाही हे कोणाच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. खोटं पकडलं गेलं असतं तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. कोणीतरी म्हणायला हवं होतं, तू तं आली नव्हती.

म्हणून आत्ता, जेवणं आटोपल्यावर, फोनवर ब्लॉग उघडला. पुसलं काही नाही. खाली लिहिलं, मी उतरले नव्हते. त्या दिवशी मी तीनदा चहा घेतला, गच्चीवर फेऱ्या मारल्या, आणि तुम्ही सगळे परत येताना दिसलात तेव्हा हात हलवला, कोणी वर पाहिलं नाही. इतकं लिहून फोन उपडा करून ठेवला आणि ही वही उघडली. अजून उलटून पाहिलेला नाही.

एक राहिलं. जहाजावर यायला जो निबंध लिहिला ना, त्याचा विषय होता, माझा पहिला प्रवास. मी गिरडची सहल लिहिली. खिडकीपाशी बसून गेले असं लिहिलं. मुलाखतीत विचारलं, टेकडीवरून काय दिसतं, तर पदरासारखी शेतं म्हणाले. त्यांना ते फार आवडलं. ते काही मी कुठं खाली दुरुस्त केलेलं नाही, आणि करण्याची हिंमतही नाही. गुरुजी, गिरडला मी अजूनही गेलेली नाही.