तीनशे अठरा ग्राहक, एकच पत्ता

८ जून २००९, सोमवार
आजपासून रोजनिशी. मॅनेजर माणसाला रोजनिशी लागते. अजून झालेलो नाही, पण सवय आधीपासून असलेली बरी.

परिस्थिती अशी. होड्यांच्या इंजिनांची कंपनी उरणला नवीन एजन्सी देणार आहे. आमचे काशिराम शेठ वीस वर्षं या एकाच गोष्टीची वाट बघतायत. दुकान पनवेलला आणि होड्या सगळ्या उरणकडे, त्यामुळे साध्या नटबोल्टसाठीही गिऱ्हाइकाला एसटी पकडून यावं लागतं. एजन्सी मिळाली की तिथे मॅनेजर लागेल. दुकानात कॉम्प्युटर येणारा माणूस एकच आहे.

कंपनीवर छाप पडावी म्हणून ग्राहकांच्या संपर्काचं सॉफ्टवेअर आणलं. 'ग्राहकमित्र प्रो'. दुकानाच्या मेल सर्व्हरशी आपोआप जोडलं जातं असं खोक्यावर छापलंय. संध्याकाळपर्यंत होईल.

९ जून
झालं नाही. स्क्रीनवर एकच वाक्य : सर्व्हर ओळखता आला नाही. सॉफ्टवेअरवाल्या भावेशला वाशीला फोन केला. तो म्हणतो, दोष सर्व्हरचा. सर्व्हरवाल्या जगनला केला. तो म्हणतो, दोष सॉफ्टवेअरचा. दोघंही फार गोड बोलतात. डोकं उठलं.

११ जून
कंपनीला कळवलं, यापुढे पत्रव्यवहार फक्त ईमेलने करावा. फॅक्स मशीन काढून माळ्यावर टाकलं. दमयंतीबाई म्हणाल्या, "अहो, नवीन नीट चालू तरी होऊ दे." दुकान उघडल्यापासून फोन आणि ग्राहकांची वही त्या सांभाळतात. माणूस वहीत अडकला की असं होतं.

१५ जून
वहीतले ग्राहक सॉफ्टवेअरमध्ये भरायला घेतले. एकूण ३१८. वहीत माणसांची नावंच नाहीत, होड्यांची आहेत! बाई म्हणतात, एकट्या बळीराम कोळी नावाचे अकरा आहेत, मग ओळखायचं कसं? हा काय युक्तिवाद झाला?

त्यात ईमेलच्या रकान्याला लाल चांदणी. तो भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. एका बळीराम कोळींना फोन करून ईमेल विचारला. म्हणाले, "तो नाय बा आमच्याकडं. सुकट हाय, पायजे तर पाठवतो."

१६ जून
तोडगा सापडला. सगळ्यांच्या रकान्यात दुकानाचाच ईमेल टाकला. तात्पुरता. ३१८ वेळा. मनगट दुखतंय, पण चांदण्या गेल्या. भावेशला हे सुचलं नसतं.

२२ जून
भावेश आणि जगन यांना एकाच कॉलवर आणलं. पाऊण तास भांडले. शेवटी दोघांचं एकमत झालं की चूक वापरणाऱ्याची आहे. मी कडक शब्दांत निषेध करणार तोच लाइन कट झाली.

मग जगनने पाठवलेली एक फाइल टाकली. भावेशने ती अजिबात टाकू नका म्हणून सांगितलं होतं. जोडलं गेलं! करंजाड्याला घरी जाताना रिक्षावाल्यालाही सगळं समजावून सांगितलं. त्याने मीटरच्या वर दहा रुपये घेतले, पण आज राग आला नाही.

२५ जून
पावसाळी मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्याला आहेत. नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांची इंजिनं सर्व्हिसिंग होऊन जायला हवीत. दरवर्षी दमयंतीबाई त्यासाठी तीनशे फोन करतात. यंदा ते फोन बंद. पत्र मी लिहिलंय, दोन दिवस खपून. रोज सकाळी नऊला आपोआप सगळ्यांना जाईल.

शेठ म्हणाले, "अविनाश, आमच्या लोकांना पोचंल ना ते?" म्हटलं, शेठ, एका सेकंदात.

२६ जून
एका सेकंदात पोचलं. शिवाय प्रत्येक पत्राची प्रत दुकानाच्या मेलबॉक्समध्ये आली. ३१८ प्रती. उत्तम सोय. खोक्यावर याचा उल्लेखसुद्धा नाही, किती साधी माणसं!

३० जून
ग्राहक ६३६! सॉफ्टवेअर यादी सर्व्हरला देतं, सर्व्हर तीच परत सॉफ्टवेअरला देतो, आणि वाढ होते. शेठना सांगितलं, आठवड्यात ग्राहक दुप्पट झाले. ते म्हणाले, एवढ्या होड्याच नाय आपल्याकडं. जुनी माणसं आकड्यांना घाबरतात.

३ जुलै
१२७२. आता मलाही थोडं कसंतरी होतंय. भावेश म्हणतो, ताबडतोब जोडणी तोडा. जगन म्हणतो, तोडलीत तर यादी उडेल. दोघांचं ऐकून शांतपणे विचार केला आणि काहीही न करण्याचा ठाम निर्णय घेतला.

८ जुलै
सर्व्हिसिंगला अजून एकही इंजिन नाही. पाऊस जोरात आहे. लोक पत्र वाचून विचार करत असणार. एजन्सीबद्दल कंपनीकडूनही उत्तर नाही. एवढी मोठी कंपनी, पण शिस्त नावाला नाही.

१४ जुलै
दोन दिवस एकही मेल नाही. शेवटी सिस्टीम स्थिरावली. हेच मी पहिल्यापासून सांगत होतो. संकल्प : उद्यापासून सकाळी चालायला जायचं.

२० जुलै
चालायला गेलो नाही.

गव्हाणच्या वेणूबाई दुकानात आल्या. स्वतःची होडी चालवतात, आवाजही तसाच. भर गिऱ्हाइकांत म्हणाल्या, "इंजिन कवा बगणार तुमी? दरसाली फोन येतो, यंदा मेलो का काय आमी?" मी त्यांना पत्र गेल्याचं स्क्रीनवर दाखवलं. त्या स्क्रीनकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिल्या. खूप राग आला. कोणाचा ते नीट ठरवता आलं नाही.

त्या गेल्यावर दमयंतीबाईंनी मला न विचारता वही काढली आणि फोन सुरू केले. दिवसभर बाजूला बसून "अहो दर्यासागर, अहो एकवीरा" असं होड्यांना हाका मारणं ऐकावं लागलं.

२३ जुलै
सतरा इंजिनं आली. माझ्या पत्रांचा परिणाम उशिरा पण दिसायला लागलाय.

२७ जुलै
शेठ रोज सकाळी माझ्या टेबलाशी येतात. "आलं काय रं कंपनीचं?" नाही म्हटलं की मान हलवून जातात. उरणच्या जागेसाठी बोर्डसुद्धा रंगवून ठेवलाय त्यांनी, काउंटरमागे भिंतीला टेकवून. कंपनीला चांगलं खरमरीत लिहायला बसलो. मेल गेला नाही. जगनला फोन. त्याने भावेशला विचारायला सांगितलं.

३० जुलै, गुरुवार
दुपारी दुकानाचा फोन वाजला. दमयंतीबाईंनी घेतला, ऐकला आणि रिसीव्हर शेठकडे दिला.

कंपनीचे साहेब होते. एजन्सी काशिराम शेठनाच द्यायचं ठरलं होतं. होकार कळवा म्हणून तीन मेल पाठवले. तिन्ही परत गेले, मेलबॉक्स पूर्ण भरलाय म्हणून. फॅक्स लावून पाहिला, लागला नाही. मुदत संपली. काल एजन्सी दुसऱ्या दुकानाला दिली, वाईट वाटलं हे सांगायला फोन केला.

शेठ ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले आणि विचारलं, "भरला म्हंजे कशानं भरला?"

पत्रांनी, म्हटलं.

"कोनाच्या?"

आपल्याच.

"कोनाला लिवलेली?"

भावेशचं नाव घ्यावं, जगनचं घ्यावं, असं मनात येऊन गेलं. दमयंतीबाईंनी फोन करणं थांबवलं होतं.

आपल्यालाच, शेठ.

त्यांनी एक वाचून दाखवायला सांगितलं. वाचलं. 'आदरणीय ग्राहक, आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. आपल्या उत्तराची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत.'

शेठनी स्क्रीनवर बोट वरून खाली फिरवलं. खालपर्यंत तेच पत्र, हजारोंनी. मग हळूच म्हणाले, "इतक्यांदा लिवलंन मशिनीनं आपल्याला. तू एकाला बी जवाब नाय दिलास?"

नाही म्हटलं.