बोइनाची वाफ पळविल्याबाबत व खोट्या दागूबाबत

प्रति,
मा. जिल्हा पाणी व ऊर्जा अधिकारी,
अफार प्रांत.

विषय : असा-आले डोंगरावरील बोअर क्र. ३ बुजविणेबाबत.
संदर्भ : आपल्या कचेरीच्या बंद दाराशी अर्जदाराने घातलेल्या तीन खेपा.

महोदय,

अर्जदार हुमेद अयदाहिस, वय अंदाजे सत्तर, धंदा शेळ्या. आमच्याकडे विहीर नाही. डोंगराच्या भेगेतून वाफ येते, तिच्यावर दगड रचले की पाणी ठिबकते. या बोइनावर आजोबांपासून आमचे घर जगले. आज अकरा माणसे व चाळीस शेळ्या आहेत.

मागील हिवाळ्यात आपले इंजिनिअर गिर्मासाहेब गाडीतून उतरले व म्हणाले, "काय बाबा, काय बातमी?" त्यांना तो नुसता नमस्कार वाटला असावा. आमच्यात मात्र ती दागू. कोणी मागितली की पाहिलेले-ऐकलेले सर्व खरे सांगायचे, आणि त्यानेही खरेच परत द्यायचे. अर्जदाराने दीड तास बसून कोणत्या भेगेत अंडे उकडते, कोणत्या भेगेत अख्खा बोकड, सर्व सांगितले. साहेबांनी नकाशावर टिंबे काढली व उलट दागू दिली, "काही नाही हो, बोटाएवढं भोक पाडून जमिनीचा ताप बघतो. तीन दिवसांत जातो."

त्यास आठ महिने झाले. भोक दोन हजार मीटर खोल गेले. सगळी वाफ तिकडून डरकाळ्या फोडत सुटते आणि बोइना ठणठणीत कोरडी. भोकातून वाहते ते पाणी हिरवट, बुळबुळीत, नासक्या अंड्यांच्या वासाचे. अर्जदाराने एकदाच चाखले, दाढी अजून घाण मारते. पत्नी मोमिना म्हणते, "म्हाताऱ्या, झोपडीत एक तर तू राहा, नाहीतर मी." एक तरस ते पाणी प्याले, ओकले, आणि अर्जदाराकडे अशा नजरेने पाहून गेले की अर्जदारालाच लाज वाटली. सडके मढे खाणारे जनावर ते, महोदय!

साहेब म्हणतात, "बाबा, वीज येईल." शेळी वीज पीत नाही. सात मेल्या.

भरपाई नको. भोक बुजवावे, आणि साहेबांनी समोर बसून खरी दागू द्यावी.

गेल्या आठवड्यात साहेबांनी तंबू पूर्वेच्या सपाटीवर हलविला. तेथे जमीन भाकरीच्या पापुद्र्याएवढी पातळ आहे, खाली नुसती उकळी. खोटी दागू देणाऱ्यास इथले कोणी काही सांगत नाही. आपण आमच्याशी अद्याप खोटे बोललेला नाहीत, म्हणून आपणांस कळविले.

हा अर्ज मात्र जरा लवकर वाचावा.

आपला नम्र व तहानलेला,
हुमेद अयदाहिस
मु. असा-आले, दि. ९ ऑगस्ट

सोबत : बोअरच्या पाण्याची बाटली, एक. (बूच कचेरीत काढू नये.)