विल्मॉट, मी आणि गुप्त मतदान

१ मार्च २०१४, शनिवार
विल्मॉटचं चरित्र संपवलं. दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन. दिवसा वकिली, संध्याकाळी राजकारण, उरलेल्या वेळात कादंबऱ्या. तीन निवडणुका हरला, तरी चौथीला उभा! माणूस असावा तर असा. मीही वकीलच. चांगी बिझनेस पार्कात बँकेची कॉन्ट्रॅक्ट्स तपासतो, म्हणजे तेच. विल्मॉटवर मराठीत कादंबरी लिहिणार. रोज पाच पानं. उद्यापासून.

२ मार्च
ईस्ट कोस्टला समुद्रकिनारी सायकलिंग. विल्मॉटही घोड्यावरून रपेट करायचा. लेखन: शीर्षक.

९ मार्च
इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा अरुणाताई म्हणाल्या, मंडळाच्या दिवाळी अंकात कादंबरीला दोन पानं मिळतील, तीही माझ्या फोटोसकट. पानं मागणार नाही, आता खुर्चीच घेणार! अध्यक्षपदाला उभा राहतोय. बायकोला, नीताला सांगितलं. ती म्हणाली, आधी बाल्कनीतले कपडे आत घे. घेतले.

१५ मार्च
प्रचार. बुकित तिमाहला, मंडळातल्या प्रबोधच्या घरी. त्याला विल्मॉटचं आयुष्य जन्मापासून सांगितलं. पहिल्या पराभवापर्यंत आलो तोवर दोनदा चहा झाला. प्रबोध उठून म्हणाला, मत तुलाच, आता निघ. लाट आहे, लाट.

२२ मार्च, दुपारी
आमच्याकडे हात वर करून अध्यक्ष निवडतात. अरुणाताईंच्या डोळ्यांदेखत माझ्यासाठी हात कोण वर करेल? केला तर मंडळाच्या गणपतीच्या नाटकातली भूमिका जायची. मंडळाच्या घटनेतलं कलम काढलं आणि गुप्त मतदानाची मागणी केली. कमिटीने समजावलं, प्रबोधने हात जोडले. चिरंजीव निहार, यंदाच मतदार झालेले, म्हणाले, नो नीड लाह, पप्पा, काही गरज नाही. मी ऐकतोय थोडाच! लोकांना निर्भयपणे मत देता आलंच पाहिजे. कादंबरी: दोन ओळी. एक खोडली.

३० मार्च, रविवार
निकाल. अरुणाताई चौऱ्याऐंशी, मी एक.

हरकत नाही. विल्मॉट तीनदा हरला, मी एकदाच. पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहणार, कोण अडवतंय बघू. परतताना एमआरटी ट्रेनमध्ये नीता म्हणाली, तिने मलाच मत दिलं. निहारनेही शपथेवर तेच सांगितलं. घरी पोचतो तोच प्रबोधचा मेसेज, त्याचंही मत मलाच. तिघांचे मनापासून आभार मानले.

ते एक मत माझं होतं.