हनुवटीखालचा काटा

माय, मी आता काट्यावर कामाले हाये. लाखनीच्या हायवेवर धानाचे ट्रक मोजाचा काटा हाये ना, त्याच्या केबिनमध्ये. ट्रक चढला का कॉम्पुटरवर वजन येते, मी नंबर टाकते, पर्ची काढून देते. टेबल हाये, खुर्ची हाये, डोक्यावर पंखा हाये. दहावी नापास पोरीले अजून काय पाहिजे? तू म्हनत होती, टेबल-खुर्चीवर बसशीन त मी नारळ फोडन. बसली मी. नारळ फोडाले तू नाही, आन तू नाही म्हनून मी काही रडून नाही राहिली. हे आधीच सांगून देते.

तुह्या मांडीवर सूप असे, सुपात तेंदूचे पाने आन तंबाखू. सकाळपासून दिवा लावतपर्यंत तू वाकून बिड्या वळे. मागून पाह्यलं त तुहं मुंडकं दिसत नव्हतं, नुसती पाठ दिसे. गल्लीतले पोट्टे तुले कुबडी म्हनत. त्याचा राग तू माह्यावर काढत होती. समोर लाकडाचा खोका ठेवे, त्याच्यावर माही वही, आन मी जरासाक वाकली का पाठीत धपका. "वाकून वाकून माहं असं झालं वो. तुहं मी होऊ देनार नाही." मी सरळ बसो, आन दोन ओळी लिवल्या का पाठ आपोआप एका बाजूले जाये. तू म्हने, नाटकं करते. मंग एका दिवशी तू बांधावरच्या बाभळीचा काटा आनला. लांब, पांढरा. बिडीच्या धाग्यानं माह्या फ्रॉकच्या गळ्याले बांधला, टोक वर, हनुवटीच्या खाली. "आता वाक."

मी आठ वर्साची असन. वही न पाहता लिवाले शिकली मी, माय. अक्षर ओळीच्या खाली उतरत जाये, त्याचा मार गुरुजीचा वेगळा. एक डाव त्यायनं माही हनुवटी वर करून पाह्यली. "हे लाल लाल काय झालं वो?" मी म्हनलं, मच्छर चावले. तू बाहेर उभी होती, मले घ्याले आली होती, तुले आयकू गेलं. घरी आल्यावर तू डब्यातून गुळाचा खडा काढला, माह्या तोंडात टाकला आन म्हनली, "शायनी हाये माही पोरगी." जलमात तू मले तेवढ्या एकाच डाव शायनी म्हनली.

तू गेली तेव्हा तिरडीवर तुही पाठ टेकत नव्हती. काकानं छातीवर हात ठेवून दाबलं, त पाय वर आले. बाया रडत होत्या. माह्या मनात आलं, आता हिले कोनी काटा लावा. चौदा वर्साची होती मी. कोनाले सांगतलं नाही, आज तुलेच सांगते.

आता आयक. मले पोरगी हाये, सात वर्साची. शाळा सुटली का केबिनमध्ये येते, माह्या टेबलाच्या कोपऱ्यावर वही ठेवून अभ्यास करते. मांगच्या महिन्यात सासू तिची वेनी घालून राहिली होती, म्हनली, "काय वो, इचा एक खांदा वर काहून दिसते?" मी पाह्यलं. तुही पाठ दिसली मले, तिच्या एवढ्याशा फ्रॉकमध्ये. आधी सांगून पाह्यलं, सरळ बस बेटा. मंग ओरडली. मंग मारलं. ती सरळ बसे आन दोन ओळी लिवल्या का एका बाजूले जाये. मी म्हनलं, नाटकं करते?

केबिनच्या मागं बाभूळ हाये, माय.

बिडीचा धागा नव्हता, शिवनाचा घेतला. ती रडली नाही, नुसती मान ताठ करून माह्याकडं पाहत राहिली. एक ट्रकवाला खिडकीत पर्ची घ्याले आला, म्हने, "क्या मॅडम, लडकी को फौज में भेजना है क्या? कितनी टाइट बैठी है!" मी हसली. ती पन हसली, हनुवटी वर ठेवून. आठ दिवस असंच चाललं.

खांदा काही खाली येईना, म्हनून काल तिले भंडाऱ्याले हाडाच्या डॉक्टरकडं नेली. त्यायनं फ्रॉक मागून खोलला आन म्हनलं, "बेटा, समोर वाक." ती वाकेना. "वाक ना, पायाच्या बोटाले हात लाव." तिनं आधी गळ्याले हात लावून चाचपलं. मंग माह्याकडं पाह्यलं. "मम्मी, वाकू?"

डॉक्टरनं मले पन वाकाले लावलं. माह्या पाठीवरून बोट फिरवलं. म्हनले, "तुमच्या पाठीचा कनाही पोरीसारखाच वाकडा हाये, थोडा कमी. घरात अजून कोनाले होतं काय?" मी म्हनलं, मायले, बिड्या वळून वळून. ते म्हनले, "बिड्यानं पाठ दुखते, पन असा कना बसन्यानं नाही वळत. तुमच्या आईले पन लहानपनापासूनच असन. पोरीले सरळ बस म्हनून मारू नका, तिच्या हातात नाही ते." पोरीच्या पाठीचा एक्स-रे फोटो काढला, दर काही महिन्यानं दाखवाले सांगतलं. वाढत गेलं त पट्टा, लयच वाढलं त नागपूरले ऑपरेशन.

आयकलं ना, माय? तुले ते बिड्यायनं दिलं नव्हतं. तुह्यातच होतं, माह्यात आलं, तिच्यात गेलं. जे तूच मले दिलं, त्याच्यासाठी तू मले टोचलं. आन मी तिले.

मंग डॉक्टरनं तिची हनुवटी वर केली. "हे काय हाये, लाल लाल?" पोरगी म्हनली, "मच्छर." मी शिकवलं नव्हतं, माय, तुही शपथ. माह्याकडं पाह्यलं पन नाही तिनं.

बाहेर आल्यावर बसस्टँडवर मी तिले समोसा घेऊन देल्ला. ती बाकावर बसून खाऊन राहिली होती, मान ताठ, चुरा फ्रॉकवर सांडत होता, पन खाली पाहेना. काटा नव्हता गळ्याले, तरी पाहेना. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आन माह्या तोंडातून निघालं, "शायनी हाये माही पोरगी."

हे खराब पर्च्यायच्या मागं लिवलं हाये. तुले पाठवाले पत्ता नाही, आन असता तरी पाठवलं नसतं, तू खुश झाली असती. एवढंच सांगते. ती मच्छर म्हनली ना, तेव्हा मले शरम नाही वाटली, माय. बरं वाटलं.