स्ट्रासबुर्गमधली भाचीची खोली

ब्योब्लिंगेन, जर्मनी, गुरुवार संध्याकाळ

भाची मेघनाला सकाळी फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "खोली सोडू नकोस. फ्रान्समध्ये हिवाळ्यात कुणालाही घराबाहेर काढता येत नाही." भाचीचं शिक्षण संपलंय, म्हणून स्ट्रासबुर्गचं विद्यार्थी वसतिगृह तिला शनिवारी निघ म्हणतंय.

आता तेच कायद्याचे ब्लॉग पुन्हा वाचले आणि संशय आला. सगळ्यांकडे उदाहरण म्हणून तीच घरातून काढलेली, थंडीत कुडकुडणारी म्हातारी! कोर्टाच्या निकालाचा संदर्भ मात्र एकाकडेही नाही. एकमेकांचं उचलून हे हक्कांचे कैवारी झाले की काय? आणि खाली लगेच 'सल्ल्यासाठी संपर्क करा'. एकानेच कलम देऊन लिहिलंय की शिक्षण संपलेल्यांना वसतिगृहात हे संरक्षण नाही. मग बाकीचे गप्प का? अपवाद सांगितला तर टाळ्या मिळत नाहीत म्हणून?

बायको म्हणाली, "अहो, तुम्हीही तिला भाषणच दिलंत की." खरंय. ती म्हातारी मलाही भलतीच आवडली होती.

लगेच फोन केला. "मेघना, मी खात्री न करता बोललो. उद्याच वकील गाठ."

ती म्हणाली, "मामा, मैत्रिणीकडची खोली मिळत होती. दुपारीच नाही म्हणून कळवलं. तू म्हणालास म्हणून."