समग्र कविता, दहा रीम

४ तारीख, मंगळवार. सकाळी.
आले : कोरा कागद दहा रीम, दोन हजार. पुठ्ठे, ऐंशी. हमाली पन्नास (शंभर मागत होता). छापखान्याकडून कागद घेतला असता तर रीममागे बारा रुपये जास्त. देवाची कृपा, मला वेळेवर सुचलं.
माझी समग्र कविता छापायची. चोवीस वर्षं लग्न म्हणू नका, निवृत्ती म्हणू नका, उद्घाटन म्हणू नका, माझ्याशिवाय पान हलत नाही. खर्चाच्या वहीत नोंद आहे, कार्यक्रम दोनशे अकरा. म्हणजे कविता दोनशे अकरा. ह्यांनी विचारलं, लिहिलेल्या कुठे आहेत? म्हटलं, तोंडपाठ. हे म्हणाले, बाजारात तुरी. मी मनावर घेतलं नाही.
प्रकाशनासाठी हॉल तीस तारखेचा ठरवला. बी.ए. झालेली ताई म्हणते, तुझं काव्य टाळ्या विरेपर्यंतच. पुस्तक आधी तिच्या हातात.

७ तारीख. पहाटे.
पूजा आटोपून लिहायला बसले. संकल्प : रोज दहा. पहिली झरझर उतरली :
दारी आले सुख, म्हणाले आत घ्या,
हसत हसत जा, पुन्हा पुन्हा या.
दुसरी जरा तिच्यासारखीच वाटली. तिसरीही. झोप कमी झाली असणार.

८ तारीख.
पंखा लागतो, आवाज करतो, कविता पळतात. पंखा बंद केला. उकाड्यात कविता येत नाही. संकल्प : उद्यापासून रोज पाच.

९ तारीख.
नामी युक्ती. चाळीस श्रोत्यांना कार्डं टाकली, माझी आठवेल ती कविता लिहून पाठवा. उत्तराचं तिकीट जोडलं नाही. प्रेम असेल तर स्वतःचं लावतील.

१६ तारीख. दुपारी.
सतरा उत्तरं. प्रेम आहे.
डॉक्टर लिहितात, दवाखान्याच्या उद्घाटनाला मी पेशंटना पुन्हा पुन्हा या म्हटलं ते अजून विसरले नाहीत. शेजारीण लिहिते, तिच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाला तेच म्हटलं, व्याही तीन महिने अबोल होते. निवृत्त हेडक्लार्क लिहितात, माझ्या शब्दाला मान देऊन ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले, नव्या साहेबांनी चहा पाजून परत पाठवलं.
सतरा जणांना एकच कविता आठवावी! लोकांची स्मरणशक्ती अगदीच कामातून गेली आहे.
सूनबाई म्हणाली, आई, कविता एकच आहे. तुम्ही नवरीच्या जागी साहेब घालता आणि साहेबांच्या जागी दुकान. मी म्हटलं, चांगलं पातेलं एका स्वयंपाकानंतर कोणी फेकतं का? ती म्हणाली, नाही, पण त्याला दोनशे अकरा पातेलीही म्हणत नाहीत. अलीकडे फार बोलते.

१७ तारीख.
देवापुढे बसून दुसरी आठवून पाहिली. देवापुढे खोटं आठवत नाही.

२२ तारीख.
छापखानेवाले येऊन मजकूर बघून गेले. म्हणाले, बाई, मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, तुमचा फोटो आणि कार्यक्रमांची यादी धरून आठ पानं. कवितेचं एक, त्यातही खाली जागा उरते, तिथे वेलबुट्टी टाकू का? हे शेजारीच होते. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

२३ तारीख. ताईला टाकलेल्या पत्राची नक्कल :
ताई, सा. न. तुझ्या लग्नात मी अकरा वर्षांची, खुर्चीवर उभी राहून कविता म्हटली होती. ती वेगळी होती असं मला पक्कं वाटतं. तुझं पाठांतर चांगलं. भावजींनाही विचार, त्यांना कोणी पुन्हा पुन्हा या म्हटल्याचं आठवतं का. वेगळी असेल तर लिहून पाठव, दोन असल्या की समग्र म्हणायला तोंड राहतं. तीच असेल तर हॉल रद्द करते. मग कागद जवळजवळ सगळाच उरतो. छापखान्यापेक्षा रीममागे बारा रुपये स्वस्त आहे, तुला किती लागेल ते उलट टपाली कळव.