ओट्याच्या जागी काच

३ डिसेंबर १९७४
निर्णय झाला. दुकानाचा दर्शनी भाग बदलायचा. लष्कराच्या बांधकाम खात्यात आयुष्य गेलं. स्टोअरकीपर होतो हे खरं, पण नकाशे सगळे माझ्या नजरेखालून जायचे. पेन्शनवर घरी आल्यापासून आज प्रथमच घराकडे इंजिनिअरच्या नजरेने बघितलं.

तासगावातली ही आमची गल्ली म्हणजे एकाला एक चिकटलेली घरं. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. खाली दुकान, वर माडी. उजेड येणार तो फक्त समोरून. आणि समोर काय, तर खाचेत सरकवायच्या लाकडी फळ्या आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दगडी ओटा. आमच्या वाट्याच्या ओट्यावर बसून लीला बायकांना बांगड्या भरते. म्हणजे भरायची. सध्या ती सांगलीला, विश्रामबागेत, आमच्या मुलीच्या बाळंतपणाला गेली आहे.

बाळ आता बसायला लागलंय. लीला कळवते, तब्येत अजून नाजूक आहे. कोणाची, ते कळवत नाही.

संक्रांतीला येणार आहे. तेव्हा सरप्राइज. ओटा काढून काचेचा शोकेस, आत काउंटर.

६ डिसेंबर
शेजारच्या नानासोला प्लॅन दाखवला. तो दोरखंड विकतो, त्यामुळे फार अपेक्षा नव्हती. म्हणाला, ओटा एकट्याचा नसतो, बाया त्यावर टेकतात म्हणून तर दुकान चालतं. मी म्हटलं, टेकतात आणि तासन्‌तास बोलत बसतात, तीच तर अडचण आहे. मी घरी आल्यापासून लीलाला रोज सांगत होतो. ती ऐकून घ्यायची. मग सांगलीला गेली.

गल्लीतले लोक माझ्याशी मोजकंच बोलतात. दरारा आहे.

१२ डिसेंबर
कोंडीबा गवंडी आला. फळ्या काढून माडीवर टाकल्या. ओटा फोडायला सुरुवात. दिवसभरात एक दगड निघाला. उद्या वेग येईल.

१७ डिसेंबर
ओटा गेला. माडीचा पुढे आलेला भाग ज्या सागवानी खांबावर उभा आहे, तो खांब ओट्यातल्याच दगडावर टेकलेला होता. नकाशात हे नव्हतं. नकाशा मीच काढला होता.

माडी कडाडली. नानासो धावत आला, त्याच्यामागे सगळी गल्ली. कुणी वासे आणले, कुणी ओंडके. माडीला टेकू दिले. नानासोच्या बाजूनेही भिंतीला चीर गेली. तो चिरेत बोट घालून बघत होता. मीच धीर दिला, म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे.

संध्याकाळपर्यंत घरात माणसंच माणसं. सगळ्यांना चहा केला. कप कमी पडले. दिवस चांगला गेला.

२४ डिसेंबर
खांबाखाली विटांचा चौथरा बांधला. तो नेमका दाराच्या मध्ये आला. दार कडेला घेतलं. आता एका वेळी एकच माणूस आत येऊ शकतो, तोही तिरका. गर्दीवर कंट्रोल राहील.

४ जानेवारी १९७५
काच बसली. फर्स्ट क्लास. संध्याकाळी रस्त्यात उभं राहून बराच वेळ बघितलं. दुकानात एक माणूस उभा दिसला. मीच होतो.

८ जानेवारी
उद्घाटन. संक्रांतीच्या बांगड्यांसाठी झुंबड उडेल म्हणून पेढे आणले होते. बायडाबाई आली. दरवर्षी लेकीसुना घेऊन येते म्हणे. दाराशी थांबली.

"आवं दादा, बसू कुठं?"

स्टूल दिलं. काउंटर उंच झालाय, तिचा हात पोचेना. मीच बांगड्या भरायला घेतल्या. फुटल्या. वैनी कवा येनार एवढं विचारून ती गेली. लेकीसुना बाहेर रस्त्यातच उभ्या होत्या.

नवी गोष्ट रुजायला वेळ लागतो. पेढे मी खाल्ले.

१२ जानेवारी
दुपारच्या एस.टी.ने लीला आली. सरप्राइज पूर्ण यशस्वी. हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता ती रस्त्यात उभी राहिली. मी काच, काउंटर, चौथरा, सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली,

"तुमी नव्हता तवाची सगळी वर्सं मी त्या ओट्यावर काढली."

म्हणजे तीही ओट्याला कंटाळलीच असणार. हेच मी म्हणत होतो.

१३ जानेवारी, भोगी
सकाळीच लीला बांगड्यांची पेटी घेऊन नानासोच्या ओट्यावर जाऊन बसली. त्याने दोरखंड सरकवून जागा केली. दहा वाजेपर्यंत ओटा भरला. बायडाबाई लेकीसुनांसह हजर. मी काउंटरमागे होतो. काचेतून सगळं स्वच्छ दिसतं. लीला हसत होती. एवढी हसते हे मला माहीत नव्हतं. सुट्टीवर यायचो तेव्हा ती कामातच असायची.

एका तरुण बाईने माझ्याकडे बोट दाखवून तिला काहीतरी विचारलं. लीलाने मान न वळवता उत्तर दिलं. बाकीच्या वळून बघायला लागल्या. मी हात हलवला.

काच जाड आहे, ऐकू आलं नाही. दुकानाचंच कौतुक चाललं असणार. बाहेर जाऊन विचारावं असं मनात आलं. पण दुकान टाकून जाणार कसं?